मागाच्या खडखडाटाचा अभ्यास कसा करतात

भिवंडीतून नदीनाक्यावरून वाडा रस्त्याला लागलं की शेलार येतं. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या दप्तरी हे 'जनगणना नगर'. त्याचे निकष ठरलेले आहेत. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही निकष पुरे झाले की नगर, मग तिथं नगरपालिका असो वा नसो. उद्या कुणी त्या निकषात बायकांचंही काम धरलं, तर देशभरातली कित्येक गावं यादीत आत-बाहेर होतील आणि त्या गावांतल्या एकाही घरात तसूभर बदल झालेला नसेल. मोजणारा आधी काय ठरवतो यावर पुढचं सगळं कसं उभं असतं, ते इथं दिसतं.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर महाराष्ट्रातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला क्षेत्रीय प्रकल्प आला आणि चौथ्या वर्षापर्यंत शिकणाऱ्यांना संशोधन प्रकल्प. भिवंडी परिसरातल्या मुलामुलींना विषयासाठी लांब जायला नको, कारखाने दारातच आहेत. तेव्हा विषय ठरतो, 'यंत्रमाग कामगारांच्या समस्या : एक अभ्यास'. त्याच संध्याकाळी गूगल फॉर्म तयार होतो. वीस प्रश्न, 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही'. तो व्हॉट्सअॅपवर फिरतो, पन्नासेक उत्तरं येतात, रंगीत गोल आलेख निघतात आणि शेवटी 'शासनाने लक्ष घालावे' अशी शिफारस. मेहनत खोटी नसते. पण यात विचारलेला प्रश्नच नाही. 'समस्या' हा विषय झाला. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आपण समजत होतो त्यापेक्षा वेगळं निघू शकतं असं काहीतरी. आणि प्रश्न कोणत्या जातीचा आहे त्यावर पद्धत ठरते, उलट नाही.

शेलारसारख्या गावातला एक साधा मागकारखाना घेऊ. पत्र्याचं छप्पर, दोन बाजूंना मागांच्या रांगा, मधून एका माणसापुरती वाट. बीमावरून ताणा सुटतोय, धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा या टोकाहून त्या टोकाला ठोकला जातोय. एक कारागीर चार-सहा माग एकटा सांभाळतोय, तुटलेलं सूत जोडतोय, कांडी संपली की बदलतोय. पाळी बहुधा बारा तासांची, मजुरी विणलेल्या मीटरवर. आवाज एवढा की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. या एका आवाजाविषयी निरनिराळे लोक निरनिराळं काय विचारतील आणि त्यासाठी काय करतील, ते पाहत जाऊ.

पहिला माणूस यंत्र घेऊन येईल. आवाज किती आहे, एवढाच त्याचा प्रश्न. मोबाइलवरचं अॅप उघडून 'शंभर डेसिबल आला' म्हणणं हे मोजमाप नव्हे. ध्वनिमापक आधी ठरावीक आवाजाच्या स्रोतावर पडताळून घ्यावा लागतो, कानाच्या उंचीवर धरावा लागतो, कारखान्यात पाच-सात ठिकाणी आणि दिवसा-रात्री वेगवेगळ्या वेळी नोंदी घ्याव्या लागतात, त्या क्षणी किती माग चालू होते ते लिहावं लागतं. कारण डेसिबलची पट्टी साधी नाही. तीन डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास आणि १०० ला दोनच तास अशी मर्यादा सांगितलेली असते. म्हणजे पाच डेसिबलची चूक केली तर कामगाराचे सुरक्षित तास दुप्पट किंवा निम्मे लिहिले जातात.

इथं दोन कसोट्या लागतात आणि विद्यार्थी त्या नेहमी एकच समजतात. त्याच जागी दुसऱ्यानं मोजलं तर तोच आकडा यावा, ही विश्वसनीयता. आणि जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, ही वैधता. कारखान्याच्या मध्यावरचा आकडा दहा जणांनी घेतला आणि दहाही वेळा सारखा आला, तरी कारागीर दिवसभर मागांमध्ये फिरत असतो. त्याच्या कानावर पडलेला एकूण मारा त्या आकड्यात नसतो. त्यासाठी त्याच्या कॉलरला अडकवायचं छोटं यंत्र मिळतं.

प्रयोगशाळेतलं संशोधन याच वाटेनं आणखी पुढं जातं. घाटकोपरला १९५४ साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे 'बिट्रा', आहे. अशा ठिकाणी सुताची ताकद तपासताना ते आधी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरवत ठेवतात. कापसाचं सूत ओलसर हवेत जास्त बळकट असतं. सकाळी तपासलेला नमुना आणि दुपारच्या उन्हात तपासलेला नमुना यांत फरक आला, तर तो सुताचा की हवेचा हे कळणार नाही. उन्हाळ्यात सूत जास्त तुटतं हे कुठलाही कारागीर सांगेल. प्रयोगशाळा त्यातलं बाकी सगळं बाजूला काढून एकच धागा हातात धरते. तिची ताकद तीच आणि मर्यादाही तीच, कारण शेलारच्या पत्र्याखाली मे महिन्यात २७ अंश कुणी ठेवत नाही.

आता दुसरा प्रश्न. या आवाजानं कामगारांना ऐकू कमी येतं का? सरळ वाटतो, पण फसवा आहे. समजा आपण कारखान्यातल्या सगळ्यांची श्रवणचाचणी घेतली आणि बऱ्याच जणांचे कान कमजोर निघाले. यावरून मागाला दोषी धरता येत नाही. वयानंही ऐकू कमी येतं. म्हणून त्याच वयाचे, तशाच कमाईचे, पण मागावर काम न करणारे लोक तुलनेला हवेत. भिवंडीत गोदामांची कमतरता नाही, तिथले हमाल चालतील. तरीही एक पेच उरतो, आणि आरोग्याच्या अभ्यासात तो वारंवार हात दाखवतो. ज्यांना फार त्रास झाला ते कामगार आज कारखान्यात नाहीतच. ते उत्तर प्रदेशातल्या, बिहारमधल्या आपापल्या गावी परतलेत किंवा दुसऱ्या धंद्याला लागलेत. आपल्याला दिसतात ते टिकून राहिलेले. त्यांची तपासणी करून 'त्रास फारसा नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे जे सोडून गेले त्यांना हिशेबातूनच उडवणं.

एका वेळी घेतलेल्या अशा छायाचित्रवजा पाहणीला पर्याय दोन. एक, आज कामाला लागणाऱ्या तरुणांची चाचणी घ्यायची आणि दहा वर्षं त्यांचा माग काढत राहायचं, ते गावी गेले तरी. खर्चिक, पण सर्वांत भरवशाचं. दुसरा, उलट्या टोकानं सुरुवात. कानाच्या दवाखान्यात आलेले बहिरेपणाचे रुग्ण घ्यायचे, त्याच वयाचे चांगलं ऐकू येणारे लोक घ्यायचे आणि दोघांनाही विचारायचं, पूर्वी मागावर होतात का, किती वर्षं? हे लवकर होतं. पण ज्याचे कान गेलेत त्याला आवाज जरा जास्तच आठवतो, आणि हा कल हिशेबात धरावा लागतो.

तिसरा प्रश्न 'किती' या जातीचा. शेलारमधल्या मागकामगारांपैकी किती जणांना आठवड्याची पगारी सुट्टी मिळते? हे सर्वेक्षणाचं काम. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये छापला गेला, दुसरा १९५२ मध्ये.

सर्वेक्षणात पहिला वाद नमुन्याच्या आकड्यावर होतो. किती जणांना विचारायचं? टक्केवारीत ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर गणित असं: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर सुमारे ३८४. गंमत म्हणजे कामगार दहा हजार असोत की दहा लाख, हा आकडा फारसा हलत नाही. चूक १० टक्क्यांपर्यंत चालणार असेल तर ९६ जणांवर भागतं. म्हणून प्रबंधांत ३८४ हा आकडा देवाच्या प्रसादासारखा सर्वत्र आढळतो.

पण त्या सूत्रामागची अट कुणी वाचत नाही. ते ३८४ लोक चिठ्ठ्या टाकून, एकमेकांशी संबंध नसलेले निवडलेले असायला हवेत. प्रत्यक्षात आपण काय करतो? वीस कारखाने गाठतो आणि प्रत्येकात वीस जणांना विचारतो. झाले ४००. मात्र एका कारखान्यातल्या वीस जणांचा शेठ एक, पाळी एक, मजुरीचा दर एक, कित्येकदा गावही एक. एकाला सुट्टी नसेल तर बाकीच्यांनाही नसणार. त्यांचं सारखेपण फार नाही, समजा ०.१ धरलं, तरी हिशेब १ अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९ पट असा बसतो. ४०० ला त्यानं भागा. आपल्या हाती जेमतेम १३८ माणसांएवढी माहिती आहे. त्यापेक्षा चाळीस कारखान्यांत दहा-दहा जणांना विचारलं असतं तर पाय दुखले असते, पण तेवढ्याच चारशे उत्तरांतून २१० माणसांएवढी माहिती मिळाली असती.

आणि चिठ्ठ्या टाकायच्या तर कशातून? यादी हवी. वीजजोडण्यांची यादी मिळाली तर कारखाने सापडतील, पण कामगारांची पूर्ण नोंद पुष्कळदा कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींच्या वहीतही नसते. आज आहे तो होळीला गावी जातो आणि परत दुसऱ्याच कारखान्यात लागतो. दिवसा गेलात तर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो. तो वगळला गेला की 'झोप नीट होते का' या प्रश्नाचं उत्तर कसं गोड येईल ते वेगळं सांगायला नको. गूगल फॉर्मची गोष्ट याहून वाईट. ज्याला फॉर्म उघडता येतो, वेळ आहे आणि भरावासा वाटतो, तोच भरतो. अशा पाचशे उत्तरांपेक्षा नीट निवडलेली शंभर बरी.

चौथा माणूस आकडे घेऊन येत नाही. त्याचा प्रश्न 'कसं' आणि 'का' हा आहे. एवढ्या आवाजात, कानात बोळे न घालता, लोक बारा तास का काढतात? प्रश्नावलीत याचं उत्तर 'मालक देत नाही' किंवा 'सवय झाली' असं एका ओळीत येईल. मागाजवळ तर विचारताच येणार नाही, कारण ऐकूच येणार नाही आणि शेठ किंवा मुकादम जवळ उभा असेल. म्हणून हा अभ्यासक भिसीत जाऊन बसेल, जिथं कामगार महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवतात. तिथं बोलणं मोकळं होतं. कदाचित कळेल की कारागीर मागाचा आवाज ऐकूनच काम करतो. सहातला तिसरा माग बिघडलाय हे पाठ फिरवून उभ्या माणसाला ठोक्याच्या फरकावरून समजतं, आणि बोळे घातले तर मीटर कमी भरतील अशी त्याला भीती असेल. कदाचित दुसरंच काही निघेल. जे प्रश्नावली करणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं ते या पद्धतीत सापडतं.

यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत शेतमजूर आणि स्थलांतरित कामगारांचा असा अभ्यास केला, त्याच त्या भागात दशकानुदशकं परत जाऊन. मजूर शेतातून वीटभट्टीवर, तिथून सुरतेच्या मागांवर कसे सरकतात हे एका फेरीत कळणारं नव्हतं. या पद्धतीतही शिस्त असते. रोजच्या रोज टिपणं, कुणी काय म्हणालं आणि मला काय वाटलं हे वेगळं लिहिणं, माझ्या मताविरुद्ध जाणारा माणूस मुद्दाम शोधणं, आणि नव्या मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं की थांबणं. फक्त एक करू नये. बारा मुलाखती घेऊन '५८.३३ टक्के कामगारांच्या मते' असं लिहू नये. बारांपैकी सात जण. बारा माणसं खोलात जाण्यासाठी निवडली होती, त्यांची टक्केवारी काढून दशांशचिन्हानंतर दोन आकडे लिहिले की दोन्ही पद्धतींची अब्रू जाते.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाकांक्षी. अमुक केलं तर तमुक होईल का? कारखान्याचं व्यवस्थापन सुधारलं तर उत्पादन वाढेल का? यासाठी प्रयोग लागतो, आणि कापड विणण्याच्याच धंद्यातला जगभर गाजलेला असा एक प्रयोग शेलारहून फार लांब झालेला नाही. तारापूर आणि गुजरातेतलं उंबरगाव इथल्या कापडगिरण्यांत तो २००८ पासून झाला. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ मध्ये. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

चांगले चालणारे कारखाने नीटनेटके असतात हे कुणीही पाहील. पण नीटनेटके आहेत म्हणून चांगले चालतात, की चांगले चालतात म्हणून नीटनेटकेपणा परवडतो? की दोन्हीच्या मागे तिसरंच कारण, मालक हुशार आहे एवढंच? नुसत्या पाहण्यातून हा गुंता सुटत नाही. म्हणून त्यांनी चिठ्ठी टाकली. ६६ कंपन्यांना विचारलं, १७ तयार झाल्या. त्यांतल्या ११ कंपन्यांचे १४ कारखाने एका गटात, ६ कंपन्यांचे ६ कारखाने दुसऱ्यात. कोण कुठं हे नशिबानं ठरलं, मालकाच्या हुशारीनं नाही. पहिल्या गटात व्यवस्थापन सल्लागार एक महिना पाहणी करून पुढं चार महिने ठाण मांडून बसले. सुताचे साठे लेबल लावून ठेवणं, दोषांची रोज नोंद, यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल, जमीन साफ, रोजची बैठक, अशा ३८ सवयी लावायच्या होत्या. दुसऱ्या गटात फक्त एक महिन्याची पाहणी झाली. तीही का? तर त्यांचे आकडे मिळाल्याशिवाय तुलना कुणाशी करणार?

पहिल्या वर्षातच सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता दुसऱ्या गटाच्या तुलनेत १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? संशोधकांना आढळलं की काही गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या, आणि ठाऊक होत्या त्यांचा फायदा होईल असं वाटत नव्हतं. कारखाना किती मोठा होईल हे तर घरात विश्वासाचे पुरुष किती यावर अवलंबून होतं, कारण कारभार बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायला मालक तयार नसत.

हा प्रयोग मला आवडतो तो त्याच्या अडचणींसकट. सतरा कंपन्या म्हणजे फारच थोड्या. ती उणीव त्यांनी प्रत्येक कारखान्याचे आठवड्या-आठवड्याचे आकडे दीर्घकाळ गोळा करून आणि छोट्या नमुन्याला चालणाऱ्या संख्याशास्त्रीय कसोट्या लावून काही अंशी भरून काढली. तयार झाल्या त्या १७ कंपन्या मुळातच उत्साही असतील, हा आक्षेप मात्र राहतो. आणि सर्वांत मोठं म्हणजे, त्या कारखान्यांत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं होती. शेलारमधल्या बारा-चोवीस मागांच्या कारखान्याला, जिथं शेठ स्वतःच मेहता असतो, तोच १७ टक्क्यांचा आकडा लावणं चुकीचं ठरेल. प्रयोगाचं उत्तर ज्यांच्यावर केला त्यांच्यापुरतं पक्कं असतं. पुढं त्याच संशोधकांपैकी काही जण नऊ वर्षांनी परत गेले. लावलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या, तरीही दोन्ही गटांतला फरक बऱ्यापैकी शिल्लक होता. परत जाऊन पाहणारे प्रयोगकर्ते थोडेच असतात.

चिठ्ठी टाकता येत नाही तेव्हा काय करायचं? भिवंडीचं वीजवितरण महावितरणनं जानेवारी २००७ मध्ये टोरंट पॉवरकडे सोपवलं. त्याचा मागधंद्यावर काय परिणाम झाला? शहराची चिठ्ठी कुणी टाकली नव्हती. '२००६ मध्ये असं होतं, २०१० मध्ये तसं झालं' एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण मधल्या काळात सुताचे भाव, आयात, बँकांची कर्जं, सगळंच हललं. इथं अर्थशास्त्रज्ञ मालेगाव आणि इचलकरंजी समोर ठेवतात. धंदा तोच, वीज तेव्हा महावितरणचीच. भिवंडीत किती बदल झाला त्यातून तिथं किती झाला ते वजा करायचं. जे उरलं ते विजेच्या खात्यावर. पण यातही एक गृहीतक आहे, की ही वीजबदली झाली नसती तर तिन्ही गावं एकाच चालीनं चालली असती. २००७ च्या आधीच्या पाच-सात वर्षांत ती तशी चालत होती का, हे दाखवल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. अशा अभ्यासाच्या लेखात मी आधी तो आलेख शोधतो, निष्कर्ष नंतर वाचतो.

भूतकाळाचा प्रश्न वेगळ्या माणसाचा. भिवंडीत माग आले कसे? डग्लस हेन्स या अमेरिकी इतिहासकारानं १८७० ते १९६० या काळातल्या पश्चिम भारतातल्या विणकरी गावांवर २०१२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भिवंडीही येते. त्यासाठी सरकारी दप्तरं लागलीच. पण त्या दप्तरांत कारागीर स्वतः बोलत नाही, त्याच्याविषयी कुणी साहेब बोलतो. म्हणून जुन्या विणकर घराण्यांच्या मुलाखतीही त्यानं घेतल्या. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, हातमागावरून यंत्रमागावर गेलेली कुटुंबं, यांचा माग दोन्ही साधनं एकमेकांना घासून लागतो. इतिहासकाराला प्रयोग करता येत नाही की नमुना निवडता येत नाही. जे उरलंय त्यावर काम. म्हणून तो प्रत्येक कागदाला विचारतो, तुला कुणी लिहिलं, कुणासाठी, कशाच्या भीतीनं? मे १९७० च्या भिवंडी, जळगाव, महाड इथल्या दंगलींची न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगानं चौकशी केली. त्या अहवालात साक्षी, उलटतपासण्या, पोलिसांच्या नोंदी आहेत. जबाबदारी कुणाची हे ठरवायला तो लिहिला गेला. आज त्याच पानांतून त्या काळच्या मोहल्ल्यांची, धंद्याची, मिरवणुकीच्या रस्त्यांची माहिती मिळते, पण साक्षीदार आयोगासमोर बोलत होता हे विसरून चालत नाही.

भिवंडीनं तुलनात्मक अभ्यासालाही एक प्रश्न पुरवला आहे. १९७० आणि १९८४ मध्ये पेटलेलं हे गाव डिसेंबर १९९२ नंतर, शेजारी मुंबई जळत असताना, शांत कसं राहिलं? १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथं पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत हिंदू-मुस्लिम नागरिकांच्या मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात शहरांच्या जोड्या लावल्या, अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत. एक दंगलींचं, एक त्या मानानं शांत. दोन समाजांच्या लोकांचे संघटनांतून नित्याचे संबंध असतील तर ठिणगी वणवा होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि भिवंडीच्या समित्यांचा दाखला त्यांनी दिला. एका-दोन उदाहरणांचा असा अभ्यास 'हे घडू शकतं आणि या रीतीनं घडतं' इतपत सांगतो. 'सगळीकडे असंच घडेल' हे त्याच्या आवाक्यात नाही. भिवंडीत समित्यांमुळं झालं की त्या अधिकाऱ्यामुळं, हे एका गावावरून सुटं करता येत नाही.

राहिलं कृतिसंशोधन. इथं संशोधक बाजूला उभा राहत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि हा निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. इथं चिठ्ठी टाकलेली नव्हती, त्यावरून प्रश्नही विचारले गेले. पण तुलनेची गावं ठेवली, जन्म-मृत्यूची नोंद घरोघर जाऊन केली, म्हणूनच ते समाजकार्याचा अहवाल न राहता संशोधन झालं. २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे आलं.

या पद्धतींमध्ये उच्च-नीच लावण्याची एक सवय आहे. आकडेवाल्यांना मुलाखती म्हणजे गप्पा वाटतात, मुलाखतवाल्यांना आकडे म्हणजे माणूस हरवलेला. दोघांनी एकत्र काम केलं तर बरं होतं, पण क्रम हवा. आधी भिसीत बसा, कामगार काय बोलतात ते ऐका, त्यांच्याच शब्दांत प्रश्नावली बांधा, मग मोजा. आकड्यांत जे विचित्र दिसेल ते घेऊन परत भिसीत जा. दोन्ही सुटी करून एका प्रबंधात शेजारी शेजारी छापली की त्याला मिश्रपद्धती म्हणण्यात अर्थ नाही.

शेलारला जाणारच असाल तर होळीच्या आसपास आणि लग्नसराईत जाऊ नका, निम्मे कामगार गावी असतील. महाविद्यालयाचं पत्र शेठला दाखवा, पण कामगाराची संमती त्याच्याकडूनच, वेगळी आणि त्याला समजेल अशा भाषेत घ्या. शेठनं हो म्हटलं म्हणजे कामगारानं हो म्हटलं असं होत नाही. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. कारखान्याचा पत्ता अहवालात छापू नका, नाहीतर मनमोकळं बोलणाऱ्याची नोकरी जाईल. रात्रपाळीसाठी एक फेरी राखून ठेवा. आणि अहवाल झाला की त्यातली दोन पानं सोप्या हिंदीत लिहून भिसीत वाचून दाखवा. तुमच्या आकड्यांतली चूक तिथं कुणीतरी नक्की काढेल.